मोकळा माणूस कोणास म्हणावे?

(मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी धडा)

स्वातंत्र्य हा शब्द आपल्या कानांवर वारंवार पडतो. पंधरा ऑगस्टला शाळेपुढे झेंडा चढतो तेव्हा तो ऐकू येतो. निवडणुकीच्या सभेत ऐकू येतो. उपासनेतही ऐकू येतो. परंतु देश स्वतंत्र झाला म्हणजे त्यातील एकेक माणूस मोकळा झालाच, असे होत नाही. म्हणून ह्या धड्यात आपण देशाच्या नव्हे, तर एकेका माणसाच्या स्वातंत्र्याचा विचार करू. मोकळा माणूस कोणास म्हणावे? आणि गरिबास तसे मोकळे होणे ह्या जगात खरोखर साधते काय? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधावयाची आहेत. वर्ग चालविणाऱ्या उपदेशकाने निर्गमाचा पाचवा अध्याय, अनुवादाच्या पंधराव्या अध्यायातील दासाच्या सुटकेचा भाग व नहेम्याचा पाचवा अध्याय आधी वाचून यावे. म्हणजे पुढील विवेचन समजण्यास सोपे जाईल.

१. दोन अपुरी उत्तरे

पहिले उत्तर पुष्कळ तरुण देतात. ते म्हणतात, मनास येईल ते करता येणे म्हणजे स्वातंत्र्य. हे उत्तर ऐकावयास गोड लागते, पण टिकत नाही. ज्याच्या मनास रोज संध्याकाळी गुत्त्याकडे जावेसे वाटते, आणि जो रोज जातो, तो आपल्या मनाप्रमाणेच वागत असतो. तरी त्याला मोकळा म्हणावयास त्याची बायकोही तयार होणार नाही. शिवाय ज्याच्या पदरी पैसा आहे त्याने मनास येईल ते केले, की पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या तरी मानेवर जू बसते. एकाची मोकळीक जर दुसऱ्याच्या बंधनावर उभी राहत असेल, तर तिला सत्ता म्हणावे. स्वातंत्र्य हे नाव तिला शोभत नाही.

दुसरे उत्तर आपणांसारख्या धार्मिक लोकांच्या तोंडी अधिक येते. आत्मा मोकळा असला म्हणजे झाले. देह बांधलेला असला तरी चिंता नाही, असे आपण म्हणतो. ह्यात सत्याचा अंश आहे, हे नाकारता येत नाही. तुरुंगात बसूनही मन न विकलेली माणसे जगात होऊन गेली. परंतु हे वचन बांधलेल्या माणसाने स्वतःविषयी म्हणावे. सुटलेल्याने बांधलेल्याला ते ऐकवू नये. फारो राजाच्या भट्ट्यांवर इस्राएल लोक कण्हत होते, तेव्हा देवाने मोशेला त्यांच्याकडे सहनशीलतेचा उपदेश करावयास पाठविले नाही. त्यांना बाहेर काढावयास पाठविले. हे ध्यानात ठेवून आपण आपल्या भागाकडे वळू.

२. विटांचा हिशेब

भिवंडी शहर यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणा येथून आलेले मजूर तेथे माग चालवितात. अलीकडे तालुक्यातील गावांतून मोठमोठी गोदामेही उभी राहिली आहेत. परंतु ह्या तालुक्याचा आणखी एक धंदा आहे, तो म्हणजे वीटभट्टी. मुंबई, ठाणे, कल्याण येथील कितीतरी घरांच्या विटा भिवंडी व आसपासच्या तालुक्यांतील भट्ट्यांवर थापल्या गेल्या. आणि थापणारे हात पुष्कळसे कातकरी, वारली, ठाकूर ह्या आदिवासी बांधवांचे होते व आहेत.

ह्या कामाची रीत अशी. पावसाळ्यात भाताची लावणी आटोपली की पाड्यांवर हाताला काम राहत नाही आणि घरातला दाणा संपतो. ह्याच दिवसांत मालकाचा मुकादम पाड्यावर येतो व आगाऊ रक्कम देतो. कोणी ती आजारपणासाठी घेतो, कोणी सणासाठी, कोणी लग्नासाठी, आणि पुष्कळजण केवळ पोटासाठी घेतात. दिवाळी झाली की रक्कम घेतलेले कुटुंब मुलाबाळांसह भट्टीवर जाते. नवरा माती कालवून तीत तूस मिसळतो व चिखल तुडवितो; बायको साच्याने विटा पाडते; लहान मुले सुकत घातलेल्या विटा उलटतात. राहावयास कच्च्या विटांचा व पेंढ्याचा भोंगा. आठवड्याच्या आठवड्याला खाण्यापुरती खर्ची मिळते. खरा हिशेब मात्र पावसाच्या तोंडावर, भट्टी बंद होताना होतो. दोघांची मजुरी जोडीची म्हणून एकत्र धरली जाते व पुष्कळदा ती पुरुषाच्या हाती पडते.

आता आपण एक उदाहरण मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका जोडीने ३०,००० रुपये आगाऊ घेतले. हंगामात २६ आठवडे, दर आठवड्यास १,५०० रुपये खर्ची घेतली. तिचे झाले ३९,०००. एकूण उचल ६९,००० रुपये. आता काम पाहा. जोडीने १५० दिवस काम करून रोज १,००० विटा पाडल्या, तर दीड लाख विटा झाल्या. हजारी दर ८०० रुपये धरला, तर मजुरी १,२०,००० रुपये होते. उचल वजा जाता ५१,००० रुपये त्या जोडीला घरी न्यावयास मिळाले पाहिजेत. परंतु वही मालकाजवळ आहे. तो म्हणतो, अवकाळी पावसाने इतक्या विटा भिजल्या, इतक्या फुटल्या, माझ्या वहीत ८०,००० विटाच धरल्या आहेत. तेव्हा मजुरी ६४,००० झाली आणि जोडीकडेच ५,००० रुपये बाकी निघाली. ती फेडावयास पुढच्या साली पुन्हा इथेच या!

वाचकहो, ह्या उदाहरणात कोणी कोणास साखळी घातली नाही, चाबूक उगारला नाही. तरी दीड लाख विटा पाडून ती दोघे रिकाम्या हाताने आणि बांधलेल्या मानेने परत गेली. हे बंधन केवढे आहे? एक वही आणि तीत वाचता न येणारा एक आकडा, एवढेच. निर्गमाच्या पाचव्या अध्यायात हेच दिसते. फारोने पेंढा देणे बंद केले, पण विटांचा आकडा तोच ठेवला. लक्षात घ्या, त्या लोकांवर देखरेख करणारे नायक इस्राएल लोकांतीलच होते, आणि आकडा भरला नाही म्हणजे मार त्यांनाच बसत असे. आजचा मुकादमही पुष्कळदा आपल्याच जातीचा व आपल्याच पाड्याचा असतो. म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये.

सगळेच भट्टीमालक असे वागतात, असे म्हणण्याचा हेतू नाही. वही उघडी ठेवून पै न् पै चुकती करणारेही आहेत. परंतु मजुराची सुटका जर मालकाच्या चांगुलपणावर अवलंबून असेल, तर तो मजूर सुखी असेल. त्याला मोकळा म्हणता येणार नाही.

३. लग्नगडी व त्यांचा नकार

ही गोष्ट नवी नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यात, विशेषतः डहाणू व उंबरगाव ह्या भागांत, लग्नगडी नावाची रीत होती. वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून अगर जमीनदाराकडून रक्कम घेई, आणि त्या रकमेपोटी तो व त्याची नवी नवरी त्या धन्याकडे राबू लागत. लग्नाचा दिवस हाच दोघांच्या गुलामगिरीचा पहिला दिवस ठरे. कर्ज फिटले असे धनी कधी म्हणत नसे. कित्येकांचे सारे आयुष्य तसेच जाई. इंग्रज सरकारने १८४३ च्या कायद्याने हिंदुस्थानात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली होती. तरी त्यानंतर शंभर वर्षे ही रीत मुंबईपासून थोड्याच कोसांवर चालू होती. महात्मा फुले यांनी १८७३ साली आपल्या पुस्तकास 'गुलामगिरी' हे नाव दिले आणि अमेरिकेतील गुलामांची सुटका करणाऱ्या लोकांस ते अर्पण केले, तेव्हा त्यांना हेच सांगावयाचे होते की, आपल्या घरची गुलामगिरी परदेशच्या गुलामगिरीहून लहान नाही.

१९४५ साली ह्या वारल्यांनी नाही म्हटले. त्या वर्षी जानेवारीत टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली, तिला काही वारली गेले होते. पुढे मे महिन्यात झरी येथे मोठी सभा झाली. गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर हे पुढारी होते. वेठ करावयाची नाही, आणि दिवसाला बारा आणे मजुरी मिळाल्यावाचून धन्याच्या शेतावर जावयाचे नाही, असा ठराव झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड व इतर चार वारली मरण पावले. तरी लग्नगडी पुन्हा धन्याच्या दारी गेले नाहीत. गोदावरीबाईंनी ही हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात लिहून ठेविली आहे. ही चळवळ लाल बावट्याची होती, व त्या पक्षाची सर्व मते आपणांस मान्य नसतील. परंतु खरी गोष्ट कोणी केली हे पाहून ती लहान अगर मोठी ठरत नाही.

ह्या हकीकतीतून आपल्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. वारल्यांना मोकळीक मिळाली ती प्रथम एका शब्दाने, आणि तो शब्द 'नाही' हा होता. जो हो आणि नाही हे दोन्ही शब्द उच्चारू शकतो, त्याच्याच 'हो'ला किंमत आहे. ज्याला नाही म्हणताच येत नाही, त्याचे हो म्हणजे केवळ हुंकार होय.

४. कायदा काय सांगतो

आपल्या घटनेने १९५० सालीच २३ व्या कलमाने वेठबिगार व सक्तीची मजुरी ह्यांस मनाई केली. त्यापुढे ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला व १९७६ साली वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा झाला. हा कायदा प्रत्येक उपदेशकास व शाळामास्तरास ठाऊक असावा, म्हणून त्यातील मुख्य गोष्टी येथे देतो.

पहिली गोष्ट अशी की, आगाऊ रकमेपोटी ज्याची दुसरे काम धरण्याची मोकळीक गेली, अगर जिकडे जावेसे वाटेल तिकडे जाण्याची मोकळीक गेली, अगर आपली मेहनत बाजारभावाने विकण्याचा हक्क गेला, तो वेठबिगार होय. तिन्ही मोकळिकी जाव्यात असे नाही. एक गेली तरी पुरे. साखळी असावी, मारहाण झालेली असावी, अशी अट कायद्यात नाही.

दुसरी गोष्ट, असे वेठीचे कर्ज कायद्याने रद्द झाले आहे. ते फेडावयाचे उरले नाही, व धन्याने ते वसूल करणे हाच गुन्हा आहे. त्यापोटी मजुराची काही वस्तू गहाण ठेविली असेल, तर ती परत मिळावयास हवी. आणि सुटलेल्यास त्याच्या राहत्या झोपडीतून काढता येत नाही.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. एखाद्या मजुराने हे कर्ज वेठीचे आहे असे सांगितले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार धन्यावर आहे. गरिबाजवळ कागद नसतो, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते.

चौथी गोष्ट, माणसांस सोडविणे व त्यांची पुढील सोय लावणे ही जिल्ह्याच्या कलेक्टरची जबाबदारी आहे. जिल्ह्यास व प्रांताच्या प्रत्येक विभागास दक्षता समिती असावी, असे कायदा म्हणतो. वेठीस धरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सुटलेल्यास मुक्ततेचा दाखला मिळतो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या योजनेने प्रौढ पुरुषास एक लाख रुपये, स्त्रिया व मुले ह्यांस दोन लाख आणि अत्यंत छळ झालेल्यांस तीन लाख असे साहाय्य ठरविले; आणि तातडीची जी थोडी मदत द्यावयाची, तिच्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. २०३० पर्यंत १ कोटी ८४ लाख वेठबिगारांस सोडवावे, असे उद्दिष्टही सरकारने त्या वर्षी मांडले होते. ज्या देशाचे सरकार स्वतः हा आकडा लिहिते, त्या देशात ही गोष्ट इतिहासजमा झाली असे कोणी म्हणू नये.

आणखी एक निकाल सांगण्याजोगा आहे. दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणी १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे हीही सक्तीची मजुरी होय. कारण सक्ती केवळ दंडुक्याचीच असते असे नाही, भुकेचीही असते. जो उपाशी आहे त्याने राजीखुशीने अंगठा उठविला, असे म्हणण्यास त्या दिवसापासून आधार उरला नाही.

५. सुटल्यावर पुढे काय?

इतका चांगला कायदा असताना माणसे पुन्हा का बांधली जातात? ह्याचे कारण समजल्यावाचून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडणार नाही.

इस्राएल लोक मिसरातून बाहेर पडले, समुद्र ओलांडला, आणि थोड्याच काळात रानात बसून मिसरातील मासे, काकड्या, कांदे व लसूण आठवून रडू लागले. आपण हा भाग वाचताना त्यांना कृतघ्न म्हणतो. परंतु भुकेल्या पोटी मागची खर्ची आठवणे ह्यात नवल ते काय? पाड्यावर दाखला घेऊन परतलेल्या माणसास श्रावणात मुलाला ताप आला, आणि जवळ दमडी नसली, तर तो कोणाकडे जाईल? ज्याची वाट त्याच्या पायांना ठाऊक आहे, त्याच्याकडेच. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली; परंतु जमीन व बैल न मिळाल्यामुळे हजारो सुटलेली कुटुंबे त्याच मालकांच्या शेतांवर वाट्याने राबू लागली आणि दुकानाच्या उधारीत पुन्हा अडकली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८४ साली मध्य प्रदेशातील वेठबिगारांच्या प्रकरणी हेच बजावले की, सोडवून नुसते सोडून दिले व पुढची सोय लावली नाही, तर सुटलेला माणूस दारिद्र्याने पुन्हा त्याच बंधनात ढकलला जाईल.

अनुवादाच्या पंधराव्या अध्यायातील आज्ञा ह्याच जागी येते. सातव्या वर्षी दासास सोडताना त्याला रिकाम्या हाताने पाठवू नये. कळपातून, खळ्यातून, द्राक्षकुंडातून भरपूर द्यावे, असे तेथे सांगितले आहे. ही आज्ञा दानधर्माची नाही. ज्याने सहा वर्षे राबून खळे भरले, त्याचा त्या खळ्यात वाटा आहे, असा तिचा अर्थ आहे. नहेम्याच्या काळीही असेच झाले. लोकांनी दुष्काळात शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकली, आपल्या लेकी दासी केल्या. तेव्हा नहेम्याने सावकारांस केवळ शब्दांनी दोष देऊन पुरे केले नाही. शेते, घरे व घेतलेले व्याज परत करावयास लाविले, आणि मी स्वतः व माझे भाऊही उसने देत आलो, तेही आपण सोडून देऊ, असे म्हटले. सुधारणा त्याने आपल्या घरापासून आरंभिली.

आपल्या महाराष्ट्रात ही गोष्ट चांगली ओळखलेली माणसे झाली. पंडिता रमाबाईंनी केडगावास जो आश्रम काढला त्यास मुक्ती हे नाव दिले. आणि तेथे आणलेल्या दुष्काळातील मुली व विधवा ह्यांना केवळ आसरा देऊन त्या थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, छापखान्याचे काम त्यांना शिकविले. मुक्ती ही हाताला काम मिळाल्यावाचून टिकत नाही, हे त्या बाईंनी ओळखले होते. भिवंडी व वसई ह्या भागांत विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांनी १९७९ साली विधायक संसद व १९८२ साली श्रमजीवी संघटना स्थापिली. त्यांनी वेठबिगारांस सोडविले, त्यांची संघटना बांधली, आणि पुढील दशकात वीटभट्ट्यांवरील मुलांसाठी भोंगाशाळा काढल्या. म्हणजे भोंग्याजवळच शाळा. जे मूल वही वाचावयास शिकले, त्याला त्या वहीने बांधणे अवघड होते. १९९९ साली ह्या कामाबद्दल लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेने त्यांचा गौरव केला.

६. घरातील व मनातील गाठी

येथवर आपण बाहेरच्या बंधनाचा विचार केला. आता जरा घराकडे पाहू. जोडीची मजुरी एकाच्या हाती पडते, हे वर सांगितले. निम्म्या विटा पाडणाऱ्या बाईला हिशेबाच्या वेळी कोणी बसावयास सांगते काय? नवरा धन्यापासून सुटला आणि बायको नवऱ्यापासून सुटली नाही, तर त्या घरात स्वातंत्र्य अर्धेच आले. मंडळीच्या पंचांनी ह्यावर मनापासून विचार करावा. तसेच आपल्यांतील ज्यांची शेती आहे, ज्यांच्याकडे गडी आहे, ज्यांनी कोणास उसने दिले आहे, त्यांनी नहेम्याचे उदाहरण पुढे ठेवून स्वतःस विचारावे: माझ्या उसन्या पैशामुळे कोणाला माझ्यापुढे नाही म्हणता येत नाही, असे तर झाले नाही ना?

मग मनातील गाठ. ज्याच्या बापाने व आजाने धन्यापुढे मान खाली घातली, त्याची मान दाखला मिळताच वर होत नाही. तहसीलदाराच्या कचेरीत तो दाराशीच उभा राहतो. खुर्ची दिली तरी बसत नाही. ह्याला दोष देऊ नये. अंगवळणी पडलेले भय उतरावयास सोबत लागते. आणि दारूविषयीही एक शब्द. दारूमुळे मजूर बांधला जातो, असे भट्टीमालक म्हणतात. बांधलेला मजूर दारूकडे वळतो, असे मजूर म्हणतात. दोन्ही खरे आहे, आणि म्हणूनच दोन्ही गाठी एकदम सोडाव्या लागतात. लग्नाच्या खर्चाचेही तसेच. एका कुटुंबाने खर्च कमी केला तर त्याची नाचक्की होते. सगळ्या पाड्याने मिळून ठरविले, तर कोणाचीच होत नाही.

७. तर मग मिळते काय?

आता उत्तर एकत्र करू. ज्याला काम निवडता येते, जाता-येता येते, मेहनतीचे रास्त मोल मागता येते, आपला हिशेब आपल्याला वाचता येतो, आणि ज्याला नाही म्हटल्यावर त्या रात्री उपाशी निजावे लागत नाही, त्यास मोकळा माणूस म्हणावे. पूर्ण मोकळा असा माणूस सापडणे कठीण आहे. मागवाला ठेकेदारास बांधलेला, ठेकेदार व्यापाऱ्यास, व्यापारी बँकेस; आणि आपण सर्व एकमेकांस ऋणाईत. परंतु सर्व बंधने सारखी नाहीत. आईला लेकराची बांधिलकी असते, तिला कोणी गुलामगिरी म्हणत नाही. जे बंधन आपण समजून स्वीकारतो व ज्यातून दोघेही वाढतात, ते ओझे वाटत नाही. जे एकाला खाऊन दुसऱ्याला पोसते, ते तोडलेच पाहिजे.

असे मोकळे होणे साधते काय? होय, साधते. लग्नगडी ही रीत ज्या भागात धर्मासारखी अटळ वाटत होती, तेथे ती माणसांनीच मोडली. ह्याहून मोठा पुरावा नको. परंतु त्यांच्या हकीकतीतून दोन गोष्टी शिकाव्या. एक ही की, एकटा माणूस सुटत नाही. झरीला एकटा वारली उभा राहून नाही म्हणता, तर दुसऱ्या दिवशी त्याचे काय झाले असते, हे सांगावयास नको. दुसरी ही की, सुटका एका दिवसाची नसते. मिसरातून निघावयास एक रात्र लागली; मिसर मनातून निघावयास चाळीस वर्षे लागली. व्यक्तीचे स्वातंत्र्य म्हणजे एकट्याने मिळविण्याची वस्तू, असे जे समजतात त्यांना ते मिळत नाही, आणि म्हणून ते म्हणतात की स्वातंत्र्य ही केवळ कल्पना आहे. शेजाऱ्यांच्या सोबतीने जे मागतात, त्यांना ते थोडे थोडे, पण खरे मिळते.

मंडळीने काय करावे?

दर गावी निदान एवढे करता येईल. भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक जोडीस एक लहान वही द्यावी. किती उचल घेतली, किती खर्ची मिळाली, किती विटा पाडल्या, हे रोज अगर आठवड्यास तीत लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी हजारास एक रेघ ओढावी. पुढे ती वही हिशेबाच्या वेळी त्यांची साक्षीदार होईल. श्रावण-भाद्रपदासाठी धान्यपेढी काढावी. पीक आले की प्रत्येक घराने काही पायल्या भात घालावे व अडचणीच्या दिवसांत ते उसने न्यावे, म्हणजे मुकादमाची पहिली रक्कम घेण्याचा प्रसंगच टळेल. स्त्रियांनी बचतगट धरावा. भट्टीवर जाणाऱ्यांची मुले गावी शाळेत राहतील अशी सोय नातलगांत अगर वसतिगृहात लावावी. कोणी बांधला गेल्याचे कळले तर एकट्याने धन्याशी भांडण न करता चारदोघांनी मिळून तहसीलदारांकडे अगर प्रांतसाहेबांकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि दाखला हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. दाखला आल्यावरही पहिला पावसाळा त्या कुटुंबाजवळ राहावे. कारण परीक्षा तेव्हाच असते.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. फारोच्या भट्टीवरील नायक व आजचा मुकादम ह्यांत साम्य कोणते व भेद कोणता?
२. वर मांडलेला विटांचा हिशेब फळ्यावर लिहून सर्वांनी सोडवावा. वही मजुराच्या हाती असती तर शेवट कसा झाला असता?
३. सुटलेल्यास रिकाम्या हाताने पाठवू नये, ही आज्ञा आपल्या गावात कशी पाळता येईल?
४. आपल्या पाड्यावर ह्या साली किती कुटुंबांनी आगाऊ रक्कम घेतली आहे? त्यांपैकी किती जणांना तिचा हिशेब ठाऊक आहे?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी देऊन भागणार नाही. त्यासाठी वर्गातील प्रत्येकाने पुढील रविवारपर्यंत पाच घरी जाऊन यावे, आणि जे कळेल ते लिहून आणावे.